आर्विदचा डावा हात

आर्विद लाहती एकोणीस वर्षांत मोटरसायकलवर बसला नव्हता. पण सकाळपासून त्याला जी धास्ती वाटत होती, ती त्या एकोणीस वर्षांची नव्हती. ती डाव्या हाताची होती.

तीन वर्षांपूर्वी खनिजाच्या गोदीवर जहाज धक्क्याला बांधताना दोरखंडात त्याचा डावा पंजा सापडला. बोटं वाचली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, रबरी चेंडू दाबायला दिला. आर्विदने दोन महिने दाबला, तिसऱ्या महिन्यात कंटाळला आणि बायकोला, मार्लिसला, सांगून टाकलं, "झाला बरा. पूर्वीसारखा." एकदा असं म्हटलं की मग 'नाही झाला' म्हणायला जीभ रेटत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजूनही मधूनच मुंग्या येऊन बधिर पडत, आणि हे सबंध डुलुथ शहरात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, अशी आर्विदची समजूत होती.

या हिवाळ्यात तो निवृत्त झाला आणि त्याने मोटरसायकलचा विषय काढला, तेव्हा मार्लिसने आकांडतांडव केलं नाही. भांडी पुसता पुसता म्हणाली, "घे. पण माझी एकच अट. ज्या दिवशी तुला जमणार नाही, त्या दिवशी तू स्वतः येऊन मला सांगायचंस. मी तुझ्यावर पहारा ठेवणार नाही, आणि खोटं बोललास तर या वयात तुझ्याशी भांडत बसायचीही माझी तयारी नाही."

तो "बरं" म्हणाला. दिलेला शब्द पाळला जातो असं धरून चालायची मार्लिसला अडतीस वर्षांच्या संसारात सवय झाली होती.

तर एप्रिलच्या एका शनिवारी तिघं डोरीन कोव्हाचिचच्या शेडमध्ये उभे होते. आर्विद, मार्लिस आणि आर्विदचा जुना दोस्त गॉर्डी, ज्याला कोणी बोलावलं नव्हतं. डोरीन सत्तरीला टेकलेली. नवरा होता तेव्हाही गाड्या तीच खोलायची, नवरा पाने-पकडी पुढे करायचा. मोडक्या गाड्या घ्यायच्या, घासूनपुसून उभ्या करायच्या आणि वाजवी किमतीला विकायच्या, हा तिचा उद्योग. तिच्या वाटेला गावातले भलेभले जात नसत.

"ही बघ, ही!" गॉर्डी दारातल्या अकराशे सीसीच्या धुडाजवळ जाऊन ओरडला. "हिच्यावर बसलास तर पुरुषासारखा दिसशील लेका."

"आणि आडवी झाली तर उचलायला चार पुरुष लागतील," डोरीन म्हणाली. "इतक्या वर्षांनी परत बसणारा माणूस हीच चूक करतो. गाडी सोडली तेव्हा जो होता, त्याच्यासाठी गाडी घेतो. तुम्ही इकडे या, लाहती."

तिने दाखवली ती साडेसहाशेची निळी गाडी. बारा वर्षांची, किंमत सव्वीसशे डॉलर. आर्विदने आधी इंजिनवर तळवा ठेवला. गार होतं. म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी बाईने गाडी गरम करून दुखणं झाकलेलं नव्हतं. चेन बघितली, टायर बघितले, टाकीत डोकावला. मग डाव्या हाताने हळूच क्लच दाबून पाहिला. तो चांगला घट्ट होता. बोटांनी निमूटपणे ऐकलं, आणि आर्विदच्या जिवात जीव आला.

"चालवून बघा," डोरीन म्हणाली. "पैसे आणि तुमच्या ट्रकची किल्ली इथे माझ्याकडे. पाडलीत तर तुमची झाली, मग घासाघीस नाही."

मार्लिसने पाकीट आणि किल्ली काढून बाकावर ठेवली. "सावकाश रे," एवढंच म्हणाली.

पहिली दहा मिनिटं म्हणजे स्वर्ग. सरोवरावरून झोंबरा वारा येत होता, रस्त्याच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग होते, हिवाळाभर टाकलेली वाळू वळणावर चाकाखाली करकरत होती, आणि आर्विद हेल्मेटच्या आत एकटाच हसत होता. शरीर काही विसरलेलं नव्हतं. कुठे झुकायचं, कुठे सोडायचं, सगळं आपसूक येत होतं. छे, उगाच घाबरलो, त्याला वाटलं. हातात काही दोष नाही.

परतताना तो चढाच्या रस्त्याला लागला. आमच्या गावात चढ टाळून कुठे जाता येत नाही. चौकात थांबण्याची पाटी, पुढे पादचाऱ्यांचे पट्टे, आणि एक बाई बाबागाडी ढकलत ते ओलांडू लागलेली. आर्विद थांबला. उजवा पाय ब्रेकवर, डावा जमिनीवर, गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला. गिअर बदलणारा डावा पायच टेकलेला, त्यामुळे न्यूट्रल टाकायचीही सोय नाही. बाई निवांत होती. मधेच थांबून तिने बाळाची टोपी सरळ केली.

करंगळीत मुंग्या आल्या. मग शेजारच्या बोटात. बाई, चला ना, चला हो, तो मनातल्या मनात म्हणत होता. आणि बोटं सुटली.

गाडीने पुढे हिसडा मारला आणि बंद पडली. पुढचं चाक बाबागाडीपासून वीतभर अंतरावर थांबलं. वीतभर! बाईने वर पाहिलं. बहुधा म्हाताऱ्याने मुद्दाम इंजिन बंद केलं असं तिला वाटलं असावं, कारण तिने हसून हात केला आणि ती पलीकडे गेली. आर्विदने इंजिन पुन्हा चालू केलं नाही. पुढचे दोन रस्ते त्याने गाडी पायानेच ढकलत नेली.

शेडमध्ये तो पोचला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता.

"काय झालं?" मार्लिसने विचारलं.

"चढावर बंद पडली," तो म्हणाला.

हे खोटं नव्हतं, आणि खरं तर मुळीच नव्हतं.

गॉर्डीला तेवढंच पुरे होतं. "बंद पडली? कशी?"

"हिसडा बसला. क्लच..." आर्विद अडखळला. "क्लच धरला नाही."

"बघा! क्लच गेलाय बाई!" गॉर्डीने मांडीवर थाप मारली. "गिऱ्हाईकाला असला माल दाखवता? पाचशे कमी करा, नाहीतर आम्ही चाललो."

डोरीनने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मार्च महिन्यात नवीन क्लच टाकलाय मी. याच हातांनी."

"मग हात म्हातारे झाले असतील."

आर्विदने गॉर्डीला गप्प करायला हवं होतं. केलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं होऊन तो उभा राहिला, आणि मनाच्या एका कोपऱ्यात, लाज वाटली तरी सांगायला हवं, त्याला सुटल्यासारखंही वाटत होतं.

डोरीनने हेल्मेट चढवलं आणि तीच गाडी घेऊन चढाकडे गेली. शेडच्या दाराबाहेर आलं की चौक दिसायचा; तिघं तिथे येऊन बघू लागले. पाटीपाशी ती थांबली. एक मोटार गेली, दुसरी गेली, तरी ती क्लच दाबून तशीच उभी. सत्तर वर्षांची बाई, आणि गाडी तसूभर हलली नाही. मग लोण्यातून सुरी जावी तशी निघाली, वळली, परत आली.

"डावा हात द्या इकडे," ती आर्विदसमोर येऊन म्हणाली, आणि तिने आपली दोन बोटं पुढे केली. "दाबा."

"हे काय चाललंय?" गॉर्डी म्हणाला.

"तुम्ही थांबा हो जरा. लाहती, दाबा."

त्याने दाबली. सगळा जीव त्या पंजात गोळा करून दाबली. डोरीनने मनात पाच अंक मोजले असतील नसतील, आणि तिची बोटं आपोआप मोकळी झाली. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. पण ती मार्लिसकडे वळली नाही, की आवाज चढवला नाही.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "माझ्या गाडीत दोष आहे? असेल तर पाचशे कमी करते, गाडी घेऊन जा. चालवणारे तुम्ही, तुमचा शब्द मला पुरे."

गॉर्डी भुवया उडवून 'हो म्हण, हो म्हण' असं खुणावत होता. मार्लिस बाकाजवळ उभी होती, आणि तिचे डोळे आर्विदच्या हाताकडे नव्हते, तोंडाकडे होते. एक 'हो', आणि गाडी आपली, उन्हाळा आपला. आणि पुढच्या वेळी वीतभर अंतर राहील याची हमी कोण देणार?

"गाडी चांगली आहे," आर्विद म्हणाला. "हात सुटला माझा. मार्लिस, हा बरा झालाच नाही कधी. तीन वर्षं मी तुला खोटं सांगतोय."

गॉर्डी दारातल्या धुडाकडे वळला.

"पुढे कोण होतं?" मार्लिसने विचारलं.

"एक बाई. बाबागाडी घेऊन."

मार्लिस मटकन उलट्या बादलीवर बसली. तिने दोन्ही तळवे गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले. आर्विदला वाटलं, संपलं. नुसती मोटरसायकल नाही, तिच्या लेखी आपला शब्दही संपला.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "बरणी काखेत दाबून उजव्या हाताने झाकण उघडतोस ते मला दिसत नव्हतं असं वाटलं तुला? मी वाट बघत होते रे. रोज." तिचा आवाज फुटला. तिने नाक पुसलं, आणि उठून डोरीनला म्हणाली, "याला चालवता येईल असं काही आहे तुमच्याकडे?"

डोरीनने मागून एक गाडी ओढत आणली. एकशेदहा सीसी, चाकं बारीक, रंग उडालेला पिवळा. "हिला क्लचची दांडीच नाही. गिअर पायाने, क्लचचं तिचं ती बघते. नऊशे डॉलर."

"अरे देवा!" गॉर्डी खिंकाळला. "यावर आमची आजी अंडी आणायला जायची!"

"मग तुझी आजी शहाणी होती," मार्लिस म्हणाली. "आर्विद, चढावर जा. त्याच पाटीपाशी थांब."

"अगं, पण..."

"जा म्हणते ना."

तो गेला. बिचारी गाडी कण्हत चढली, पण चढली. पाटीपाशी त्याने ब्रेक दाबला आणि पाय टेकला. मार्लिस फुटपाथवरून चालत तिथवर आली होती. ती पट्ट्यांवर उतरली, चार पावलं टाकली आणि नेमकी त्याच्या पुढच्या चाकासमोर येऊन, त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. इंजिन चालू होतं. तिचे गुडघे चाकापासून वीतभरही नव्हते.

"मार्लिस, बाजूला हो," तो घाबरून म्हणाला.

"डावा हात वर कर."

"तू आधी बाजूला हो."

"वर कर, आर्विद."

त्याने हँडलवरचा डावा हात सोडला आणि वर केला. करंगळीत मुंग्या आल्या होत्या, ती दोन बोटं हवेत वाकडी थरथरत होती. मागे एक मोटार येऊन थांबली. तिने हॉर्न वाजवला नाही, आमच्याकडे वाजवत नाहीत. मार्लिसने मनात किती आकडे मोजले कोण जाणे. गाडी जागची हलली नाही.

"आता घे विकत," ती म्हणाली, आणि मग बाजूला झाली.