गवताची कड

नोलीन पास्कोच्या पोटरीवर काळ्या शाईने ७० हा आकडा लिहिला गेला, तेव्हा तिने एकदाच हरकत घेतली.

"एकोणसत्तर. नोव्हेंबरपर्यंत एकोणसत्तरच."

"शर्यतीत डिसेंबरअखेरचं वय धरतात गं," शाईवाली म्हणाली. "आणि तक्रार कसली करतेस? वरच्या गटात स्पर्धाच नाही."

"कोण आहे त्या गटात?"

"तूच."

फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे सात. आखात इस्त्री केलेल्या चादरीसारखे सपाट होते. तीनशे मीटर पोहणे, दहा किलोमीटर सायकल, अडीच किलोमीटर धावणे: नवख्यांची शर्यत. जेटीच्या कठड्याशी नोलीनची मुलगी केरेन्झा उभी होती. काल संध्याकाळी ती ॲडलेडहून आली होती आणि अजून तिने घराबद्दल एकही शब्द उच्चारला नव्हता. करार पाळण्यात पास्को घराणे काटेकोर होते.

करार जुलैतला. मागच्या दाराच्या पायऱ्यांवरून नोलीन पडली आणि तिचे मनगट मोडले. कुंपणापलीकडे, वीसेक पावलांवर, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात दिवा होता, भांड्यांचे आवाज होते. तीन तास ती थंड सिमेंटवर पडून राहिली आणि तिने हाक मारली नाही.

"त्यांची जेवायची वेळ होती," ती नंतर म्हणाली.

"तीन तास कोण जेवतं, आई?"

"नंतर फुटबॉल होता."

केरेन्झा परिचारिका होती. न मारलेल्या हाकांचे पुढे काय होते, हे तिने पाहिले होते. आईने घर विकायचे, ॲडलेडला आपल्या शेजारच्या गल्लीत दोन खोल्या घ्यायच्या, असे तिने ठरवून टाकले. निदान मागच्या पायऱ्यांना आधाराचा दांडा तरी बसव, असेही ती म्हणाली होती. दांडा म्हाताऱ्यांच्या घरी असतो, एवढे बोलून नोलीनने तो विषय मिटवला. मग एके दिवशी बेकरीच्या काचेवर तिने शर्यतीचा कागद पाहिला, आणि दोघींत बोली ठरली. शर्यत पुरी केली तर घराचे नाव पुन्हा कुणी काढायचे नाही. नाही झाली, तर ईस्टरनंतर घर विक्रीला.

"तुला पोहता तरी येतं का?" केरेन्झाने फोनवर विचारले होते.

"येईल."

पंचेचाळीस वर्षे ती त्या समुद्राकडे तोंड करून राहिली होती. मात्र तिची ओळख होती ती गुडघ्यापर्यंतच्या पाण्याशी. ओहोटीला ती आणि तिचा नवरा ग्रॅहम दाताळी घेऊन उथळ वाळू विंचरत चालत. कमरेच्या दोरीला बांधलेली बादली मागे तरंगत येई आणि निळे खेकडे तिच्यात जाऊन पडत. ग्रॅहम गेला. दाताळी शेडमध्ये एकावर एक टेकून राहिली.

पोहायला ती चाळीस किलोमीटरवरच्या जलतरण तलावात शिकली. तळाशी एक काळी रेघ होती. मान खाली घालायची, रेघ धरायची, भिंत येईपर्यंत जायचे. त्या रेघेवर तिची श्रद्धा जडली. ती काही विचारत नसे, कशाची आठवण करून देत नसे. नुसती पुढे असे.

सुरुवातीच्या सूचना सांगितल्या जात होत्या तेव्हा नोलीन दोरीने आखलेल्या आवारात, टांगलेल्या सायकलीखाली, आपले बूट टॉवेलच्या कडेला समांतर लावत होती. अर्धे वाक्य तिच्या कानांवर पडले: दमलात तर हात वर करा, बोर्डवाला जीवरक्षक येईल. उरलेले अर्धे तिने स्वतःच पूर्ण केले. हात वर, म्हणजे शर्यत संपली.

भोंगा वाजला. पाण्यात पायांचा फेस उसळला आणि हळूहळू पुढे निघून गेला. ती मागेच होती. तिला तेच हवे होते. मार्ग दाखवणारा पहिला तरंगता पिवळा फुगा तिने मोठ्या कष्टाने ओलांडला, आणि मग खाली पाहिले. पांढऱ्या वाळूवर समुद्रगवताची कड लागली होती: काळीभोर, रेखीव, पुढे पुढे जाणारी. पाच महिने एकाच रेघेला बांधलेल्या डोळ्यांना आणखी काय हवे होते? श्वास जागेवर आला. हात आपोआप पडू लागले. अशी शांतता तिला कित्येक महिन्यांत लाभली नव्हती.

डोके वर काढले तेव्हा समोर काहीच नव्हते. जेटी पाठीमागे, भलत्याच बाजूला, काडेपेटीएवढी. पुढचा पिवळा फुगाही खांद्यामागे. गवताने तिला सरळ खुल्या आखाताकडे नेले होते. खारे पाणी घशात गेले. खोकला आला, खोकल्यातून आणखी पाणी. पाय खाली वाळू शोधू लागले आणि वाळू तिथे नव्हती.

हात वर करायचा. एवढेच. तिने हात पाण्याखाली ठेवला.

लांब पिवळा बोर्ड सळसळत जवळ आला. त्यावर डॅरिल ट्रेझीस गुडघ्यांवर बसला होता. गावातला खाटीक, आणि तीस उन्हाळे किनारा राखणारा.

"पलीकडच्या किनाऱ्याला निघालीस का, नोलीन? डबा तरी घ्यायचास."

"हात लावू नकोस. मी हात वर केलेला नाही."

"बघतोय. बुडतेयस, पण मानाने."

"धरलं तर बाद होईन," ती खोकत म्हणाली. "घर जाईल."

"कोण म्हणतं बाद? सकाळी सांगत होते तेव्हा तू बूट मांडत होतीस, नाही का? धरायला चालतं. लटक, थुंक, मला शिव्या घाल. फक्त बोर्ड पुढे जाता कामा नये. मी तुला एक बोटभरही ओढणार नाही. रडलीस तरी."

तिने त्याच्याकडे पाहिले. मग बोर्डाची कड धरली. आधी चार बोटांनी, नंतर दोन्ही हातांनी.

बोर्ड जागच्या जागी वरखाली होत राहिला. डॅरिलने वल्ह्यासारखे दोन्ही तळवे पाण्यात रोवून त्याला स्थिर धरले होते. तो कुठेही नेत नव्हता. तिच्या छातीतली धडधड हळूहळू मंदावली. जेटीवर कठड्यावरून पुढे झुकलेली एक बारीक निळी आकृती दिसत होती. ती केरेन्झा असणार.

"किती वेळ धरता येतं?"

"आज रविवार आहे. दुकान बंद."

ती आणखी थोडा वेळ राहिली.

"आणि खाली काय बघत बसतेस?" तो म्हणाला. "आठ हात मारलेस की मान वर. फुगा बघ. तो काही तुझ्या मागे यायचा नाही."

तिने बोर्ड सोडला. आठ हात, मान वर. फुगा डावीकडे. आठ हात, मान वर. पाण्याबाहेर ती सर्वांत शेवटी आली. सायकलवरही शेवटी; धावणे तर बरेचसे चालणेच होते. शेवटच्या रेषेशी लोक टेबले मिटत होते. त्यांनी ती पुन्हा उघडली, टाळ्या वाजवल्या, आणि तिची वेळ वहीत लिहिली.

सत्तरच्या गटात ती पहिली आली.

मग दोघी जेटीच्या पायथ्याशी कागदात गुंडाळलेल्या, मांस-बटाटा भरलेल्या गरम पास्ट्या घेऊन बसल्या. केरेन्झाने बराच वेळ आपली फोडली नाही.

"तू बोर्ड धरलास. मी पाहिलं."

"धरला."

"मग?"

"चालतं. डॅरिलला विचार."

"विचारलं." केरेन्झाने नाक ओढले. "म्हणजे घर राहिलं."

"राहिलं."

पाणी ओसरू लागले होते. उथळ भागात एक जोडपे दाताळी ओढत चालले होते, मागे बादली तरंगत होती. त्यांच्या पलीकडे गवताची कड आता पाण्यातून स्पष्ट दिसत होती. वरून पाहता ती मुळीच सरळ नव्हती.

"मागच्या पायऱ्यांना दांडा बसवून घ्यायचाय," नोलीन म्हणाली. "तू जायच्या आधी माप घेऊन ठेव."

केरेन्झाने मान वळवून तिच्याकडे पाहिले.

"दोन्ही बाजूंना?"

"एका," नोलीन म्हणाली आणि पास्टीचा कोपरा मोडला. "शेजाऱ्यांच्या."