दोन भोवरे

देवसिंग बैल पाहायला निघाला की दारव्ह्याच्या बाजारातले व्यापारी एकमेकांना डोळे मारत. बाकीची गिऱ्हाइकं दात पाहतात, खूर पाहतात. हा गडी आधी बैलाच्या अंगावरचे केसांचे भोवरे चाचपणार! भोवरा भलत्या जागी सापडला, तर बैल फुकटात दिला तरी नको. वाडवडलांनी बैलांवर माल लादून मुलूख पालथा घातला, तेव्हापासूनचं हे शहाणपण त्याच्या बोटांत मुरलं होतं.

त्या बोटांनीच आज घोळ घातला. कळंबकडच्या तांड्यावरून सुनील देवसिंगच्या लेकीला, वर्षाला पाहायला आला होता. लोहाऱ्याला कारखान्यात नोकरी, बोलणं सरळ, वर्षालाही पसंत. गूळ वाटला की सोयरीक पक्की. सुनील पाया पडायला वाकला, देवसिंगने आशीर्वादाचा हात ठेवला आणि बोटं सवयीने केसांत फिरली. एक भोवरा. शेजारी दुसरा.

दोन भोवरे, दोन बायका! पाहुण्यांना अंगणात बसवून देवसिंग तडक घरात शिरला.

"ही सोयरीक नाही होत."

कारण ऐकून यवतमाळला प्राणीशास्त्र शिकणाऱ्या वर्षाने कपाळावर हात मारला. "बापू, तुमी जावई पाहून राह्यले का बैल?"

"हासू नोको. दुसरी आणली त्यानं तं?"

वर्षाचं हसू मावळलं. चुलीपाशी जमनीआत्या चहा उकळत होती. नवऱ्याने दुसरी आणली तेव्हापासून ती भावाकडेच राहत होती, आणि ते लग्न देवसिंगनेच जुळवलं होतं. त्याचं त्याला आजही वाईट वाटे.

वर्षा बापाजवळ बसली. "आईच्या पोटात लेकराची कातडी आधी कोरी असते, बापू. मंग एका जागी केसाचं मूळ धरते, अन् शेजाऱ्याले म्हणते, इथं नोको, जरा दूर बस. बाजारात कांदेवाल्या बसतात, तसं. कोणी रेघा आखून देत नाही, तरी अंतर पडतेच ना?"

"अन् भोवरा?"

"मुळं एका बाजूले कलतात. डोकं गोल, कातडी वाढून राह्यली, मंग कुठं तरी ते गोल फिरतात. कोणाचे एका जागी, कोणाचे दोन. जलमाच्या आधीच झालं हे. तवा त्याले बायको काय ठाऊक?"

कांदेवाल्या देवसिंगला पटल्या. भीती मात्र जागची हलली नाही.

"खरं असन तुह्यं. पण मंग मी पाहू काय? जमनीच्या टायमाले काहीच पाह्यलं नव्हतं, म्हणून तं फसलो."

"एकच होता," जमनी म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

"त्याच्या डोक्यात एकच भोवरा होता. रोज तेल लावून देत होती मी." तिने चहाचं भांडं खाली उतरवलं. "बैलाले वाचा नाही, भाऊ, म्हणून त्याचे केस पाहा लागते. हा पोरगा बोलते. विचार त्याले."

देवसिंग बाहेर गेला. आडपडदा त्याला कधी जमलाच नव्हता. सगळ्यांदेखत त्याने विचारलं, "माह्या पोरीले सोडशीन काय?"

सुनील गडबडला, मग सावकाश म्हणाला, "मामा, पुढचं मी कसं सांगू? आज तं तिच्याशिवाय मनात कोणी नाही. अन् मन फिरलंच कधी, तं पयले तिलेच सांगीन. चोरून काही करणार नाही."

देवाच्या आणाभाका घेणारे देवसिंगने बाजारात उदंड पाहिले होते. त्यांचा बैल त्याने कधी घेतला नव्हता. या पोराने एकही आण घेतली नव्हती.

तो आत वळला. दारात जमनी उभी होती. "मले कोणी एवढं तरी सांगतलं असतं तं..." ती म्हणाली.

नवऱ्याने टाकलेल्या बाईला अशा कामात कोणी पुढे करत नाही. देवसिंगने गुळाचं ताट उचललं आणि बहिणीच्या हातात दिलं.

"तूच वाट," तो म्हणाला.