स्वेटर आधी कोणी घातला

आमच्या घरात थोरल्याचा शब्द शेवटचा, आणि थोरली आत्या. तिने काही ठरवलं की चर्चा संपते. खरं तर सुरूच होत नाही. आजी लवकर गेली, तेव्हापासून घर तिनेच ओढलं. माझे वडील सगळ्यांत धाकटे. ते जन्मभर तिच्या धाकात राहिले आणि तक्रार न करता गेले. मधला काका. वय सत्तरीपुढे, लग्न नाही, आत्याच्याच घरात वरच्या खोलीत मुक्काम. आत्यानेही लग्न केलं नाही. तिला त्याबद्दल विचारील असं मोठं माणूस घरात उरलंच नव्हतं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी काकाला गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं. गुडघे होते तसेच राहिले, पण तलावावर त्याला एक निवृत्त नर्सबाई भेटल्या आणि दोघांचं लग्नापर्यंत जमलं. काकाने आत्याला विचारलं. ती भाजी निवडत होती. "नको," ती म्हणाली. कारण दिलं नाही. थोरल्यांना कारण द्यावं लागत नाही.

दुसरा कोणी असता तर सरळ जाऊन सही करून आला असता. काकाला बंड करायचं नव्हतं. त्याला नियमाने सुटायचं होतं. तरी वेडी आशा म्हणून तो नोंदणी कचेरीत गेला, लग्नाला लागणारा आपला जन्मदाखला मागितला, आणि तिथून तडक माझ्या ऑफिसात आला.

मी विम्याचे दावे तपासते. जळालेल्या दुकानात आगीआधी माल किती होता, हे मला दुकानदाराच्या रडण्याकडे न बघता ठरवावं लागतं. त्यामुळे घरात माझ्यावर कोणाचं फारसं प्रेम नाही, पण विश्वास आहे.

कारकुनाने कंटाळून आजोबांच्या नावावरच्या सगळ्याच नोंदी काढून दिल्या होत्या. काकाने कागद पुढे सरकवला. "मुलं मोज," तो म्हणाला.

मुलं चार होती. आधी मुलगी, वर्षाने मुलगा, आणखी वर्षाने पुन्हा मुलगी, आणि बऱ्याच काळाने माझे वडील. नाव ठेवण्याआधीच नोंद व्हायची, त्यामुळे नुसतं मुलगा, मुलगी एवढंच लिहिलेलं.

"आपल्याकडे मुलगी एकच आहे," काका म्हणाला. "तीच पुरून उरते."

शाळेच्या दाखल्यावर आत्याची जन्मतारीख पहिल्या मुलीची होती. लस टोचल्याच्या कार्डावर तिचं वय तिसऱ्या नोंदीशी जुळत होतं. म्हणजे एकतर ती तिसरी नोंदच चुकीची होती, नाहीतर पहिली मुलगी लहानपणीच गेली होती आणि तिचे कागद आत्याला चिकटले होते.

"आत्या पहिली असेल तर ती थोरली," मी म्हटलं. "तिसरी असेल तर तू."

"मी असं काही म्हटलेलं नाही," काका घाईघाईने म्हणाला.

मृत्यूची नोंद शोधायला मी स्वतः गेले. त्या वर्षांचे कागद वाळवीने खाल्ले होते. वाळवी नेमकं हवं तेच वर्ष खाते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

कागद एकमेकांशी भांडायला लागले की मी वस्तूंकडे वळते. काकाकडे बिस्किटांच्या डब्यात जुने फोटो होते. एका फोटोत तो स्वतः, चार-पाच वर्षांचा, स्टुडिओच्या पडद्यापुढे आडव्या पट्ट्यांचा स्वेटर घालून उभा. बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या, कोपर धड. दुसऱ्या फोटोत तोच पडदा, तोच स्वेटर, आत आत्या. बाह्या दोनदा दुमडलेल्या आणि कोपरावर वेगळ्या लोकरीने रफू केलेलं.

आमच्या घरात कपडे वरून खाली येतात. खालून वर गेलेला कपडा मी अजून पाहिलेला नाही.

बाकीचं मग आपोआप जुळलं. पहिली मुलगी गेली. आजोबा बिऱ्हाड हलवून नव्या गावात आले, तिथे यांना ओळखणारं कोणी नव्हतं. काकाला शाळेत घालायची वेळ आली, पण तो इतका बुजरा की एकटा बसेना. सोबत बहीण हवी, आणि ती वयात बसेना. गेलेल्या मुलीचा बिननावाचा दाखला घरात पडून होता, तो कामी आला. लहान मुलांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून घरातही तेच चालू ठेवलं असणार. हे मला सिद्ध करता येणार नाही, पण असा दावा माझ्यापुढे आला असता तर मी मंजूर केला असता.

"म्हणजे मी थोरला," काका म्हणाला आणि त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं. "चल, तिला सांग."

"तू सांग."

"मी कसा सांगू? ती मोठी आहे."

आत्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मी कागद मांडले, फोटो मांडले आणि सगळं सांगितलं. तिने चष्मा लावून दोन्ही फोटो पाहिले, दुसरा जरा जास्त वेळ.

"पहिलीचं नाव काय होतं?" तिने विचारलं.

"कुठेच नाही."

"बरं." तिने फोटो खाली ठेवला. "मग आई गेली तेव्हा मी किती वर्षांची?"

"अकरा."

"तेरा नाही?"

"नाही."

"पाण्याचा मोठा हंडा मला उचलवायचा नाही," ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, तेरा वर्षांची घोडी झाली आणि एक हंडा उचलवत नाही. मी मागच्या दारी जाऊन रिकामा हंडा उचलून बघायचे. वाटायचं, आपल्यातच काहीतरी कमी आहे." तिने चष्मा काढला. "बाबांना माहीत होतं ना गं?"

अशा प्रश्नापुढे आम्ही कामात 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहितो. मला आजोबांचा फार राग आला होता. "विसरले असतील," मी म्हटलं.

"मी तेव्हा बारा वर्षांचा होतो," काका म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. "मला उचलता आला असता."

काका उभाच होता. येताना त्याने वाक्य पाठ केलं होतं, मी ऐकलं होतं. त्यातलं आता एक अक्षर त्याला आठवेना.

"ताई, ते तलावावरच्या बाईंचं..." तो चाचरत म्हणाला. "करू का मी?"

"मला काय विचारतोस?" आत्या म्हणाली. "मी लहान आहे."

काकाने माझ्याकडे पाहिलं. मी कागद गोळा करत होते.

"मग करतो," तो म्हणाला.

"कर."

एवढं बोलून ती सवयीने उठायला लागली. संध्याकाळ झाली होती, स्वयंपाकाची वेळ.

"तू बस," काका म्हणाला. "मी बघतो."

काय बघायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तो स्वयंपाकघरात जाऊन ओट्यासमोर नुसता उभा राहिला. आत्या मात्र बसली.