कापलेली सीट

ताईचे पाय लांब आहेत. यात तिचा काही दोष नाही, पण त्याची शिक्षा जन्मभर मी भोगली. आमची आई शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापडांचे ढीग आणि पायाला टोचणाऱ्या टाचण्या. घरात नवीन कापड आलं की माप ताईचं. ते कपडे तिला तोकडे झाले की घेर कापायचा, बाह्या आखूड करायच्या, झाला माझा फ्रॉक. तिचे स्वेटर, तिचं दप्तर, तिची सायकलसुद्धा सीट पार खाली बसवून माझ्याकडे आली. वर लोक म्हणायचे, "मोठीला काय शोभायचा गं हा रंग!" तोच रंग अंगात घालून मी त्यांच्यासमोर उभी असायचे.

त्यामुळे बाबा जेव्हा म्हणाले, "दोघींत मिळून एक मोटरसायकल घेऊ, तुमची तुम्ही पसंत करा," तेव्हाच मी ठरवून टाकलं की या वेळी माप माझं. गाडी आम्ही दोघी एकदमच शिकलो होतो, क्लासच्या खटाऱ्यावर. त्याला इतके चरे आणि पोचे होते की त्याचा मूळ रंग कोणता हे शिकवणाऱ्या मास्तरांनाही आठवत नसे. लायसन्सही दोघींना एकदमच मिळालं. फक्त फोटो ताईचा चांगला आला.

शोरूममध्ये आमच्या खिशाला परवडतील अशा दोनच गाड्या होत्या. एक काळी, ठेंगणी, गुबगुबीत; तिच्यावर बसले की माझे दोन्ही पाय सपाट टेकायचे. दुसरी लाल, उंच आणि अंगाने सडपातळ. ताई लालवर बसली मात्र, सेल्समन हातातला चहा प्यायचा विसरला. "मॅडम, ही तर तुमच्यासाठीच बनवलीय!" मग मी चढले. एका पायाचा अंगठा कसाबसा टेकला, दुसरा पाय हवेतच. "तुम्ही मागे बसा की," तो मला म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय जमिनीला लागला नव्हता, तरीही.

"काळीच घ्यायची," मी बाबांना बजावलं. पण खोटं कशाला बोलू? ताईला लालवर बसलेली पाहिल्यापासून मला लालच हवी होती. तिला शोभतं ते मला हवं असतं. लहानपणापासूनची खोड आहे.

इतका वेळ आई लालची सीट अंगठ्याने दाबून बघत होती. "यातला फोम तासून घेता येईल," ती म्हणाली. "बुटकीचे पाय टेकतील." बुटकी म्हणजे मी. "पण एकदा कापला की कापला. मोठीला मग गुडघे वर घेऊन बसावं लागेल."

म्हणजे गाडीसुद्धा कापूनच माझ्या वाट्याला येणार! मी भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. या वेळी कापाकापी आधी होणार होती, ताईने वापरण्याच्या आधी. हा विचार मला फारच आवडला.

शोरूमच्या मागे गाड्या धुण्याची मोकळी जागा होती. तिथे सेल्समनने लाल गाडी ताईच्या हातात दिली. गाडी जरा पुढे गेली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. क्लासच्या खटाऱ्यावर हीच बाई हसत हसत आठचा आकडा काढायची! ती उतरली आणि मला नळापाशी ओढत घेऊन गेली. तिचे हात गार पडले होते.

"तू काळीसाठी हट्ट धर ना."

"का?"

"काळीवर माझे पाय मावत नाहीत असं सांगता येईल मला. मग तू एकटीच चालव. ही नको. एवढी नवीकोरी गाडी, माझ्या हातून पडली तर?"

"पडली तर उचलू."

"तुला काय जातंय बोलायला! तुझ्याकडे आलेलं फाटलं तरी कुणी काही म्हणायचं नाही. मला नवीन काही घातलं की लगेच आई, 'जपून हं, धाकटीला व्हायचंय.' मी कधी चिखलात खेळले? कधी झाडावर चढले? खाली उभी राहून तुझ्याकडे बघत बसायचे नुसती. इतका राग यायचा ना तुझा!"

हिला माझा हेवा वाटायचा? माझ्या फाटक्या कोपरांचा? मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. उलट वाटलं, हेवा करायचा एवढा एक हक्क माझा होता, त्यातही हिने आधीच हात मारून ठेवला.

परत आत जाऊन मी हट्ट धरला, पण लालसाठी. मला ती हवी होती, बस्स. ताईने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

आईने सीट कव्हरवाल्याच्या डोक्यावर उभं राहून, खडूने खुणा करून, माझ्या मापाने फोम कापून घेतला. माझे पाय टेकले. जन्मात पहिल्यांदा एक कोरी वस्तू आधी माझी झाली होती. मी हवेत तरंगायला हवं होतं. पण रोज सकाळी ताई आईच्या चिंध्या घेऊन गाडी पुसत बसायची. चालव म्हटलं की "उद्या" म्हणायची. आणि मी गाडी बाहेर काढली की कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला विचारायचा, "ताईची गाडी घेऊन निघालीस होय?" मी घरी येईपर्यंत धुमसत असायचे.

एका सुट्टीच्या दिवशी ती अशीच टाकी पुसत होती.

"आज तू चालव," मी म्हटलं.

"नको गं. कुठे काही लागलं तर?"

टाकीत तिचा चेहरा दिसत होता. तिथेही चांगलाच दिसत होता. माझ्या हातात किल्ली होती. मी तिचं टोक टाकीवर टेकवलं आणि दाबून ओढलं. कर्रकन आवाज झाला.

"वेड लागलंय का तुला!" ताई ओरडली. "तुझी नवी गाडी!"

"आता जुनी झाली. घे, तुला देतेय. जुनं जपावं लागत नाही. मला विचार."

ती त्या चऱ्यावरून बोट फिरवत राहिली. मग चिंधी माझ्या खांद्यावर टाकून तिने किल्ली घेतली. कापलेल्या सीटवर बसल्यावर तिचे गुडघे पार टाकीच्या वर आले. गाडी एकदा बंद पडली. तिने शिवी हासडली, जन्मात पहिल्यांदा, आणि पुन्हा सुरू केली. या वेळी ती थांबली नाही. गल्लीच्या टोकाला वळताना तिचं हसणं इथपर्यंत ऐकू आलं. गुडघे वर काढूनही मेली शोभत होती.

इस्त्रीवाला बाहेर येऊन बघत होता. "बघ, तुझ्या ताईला कशी शोभते तिची गाडी!"

"तिची नाही," मी म्हटलं. "माझी जुनी वापरतेय ती."