बेताल कड्या आणि कुसुमावतीकाकू

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या निरुपमाबाईंकडे दर संकष्टीला संध्याकाळी गणपतीच्या स्तोत्राची एकवीस आवर्तनं होत. बाराजणी जमायच्या. आज आतल्या खोलीत त्यांची मुलगी कौमुदी लॅपटॉपपुढे डोकं धरून बसली होती.

पडद्यावर तिने संशोधनासाठी संगणकात रचलेल्या, सुपरकंडक्टरच्या, म्हणजे विजेला जराही न अडवणाऱ्या पदार्थाच्या, शंभर चिमुकल्या कड्या डोलत होत्या. सगळ्या अगदी सारख्या. जवळचीचं जास्त ऐकायचं, लांबचीचं कमी, हा नियमही सगळ्यांना एकच. मग डोलायचं तर सगळ्यांनी एका तालात, नाहीतर सगळ्यांनीच बेताल! पण इथे सत्तर कवायतीला उभ्या असल्यासारख्या, आणि तीस आपल्याच नादात.

"त्या तिसांचे आकडे चुकलेत," तिचे मार्गदर्शक जनार्दन सर म्हणाले होते. "उद्यापर्यंत चूक शोध, नाहीतर सहा महिन्यांचं काम पहिल्यापासून."

चूक काही सापडेना.

बाहेर पाचवं आवर्तन संपलं. "अगं कुसुमावती, आम्ही बडोद्याला उतरलो, तुझी गाडी अजून अलीकडच्या विश्वामित्री स्टेशनातच!" निरुपमाबाई म्हणाल्या. हशा पिकला.

लहरीपुऱ्याच्या कुसुमावतीकाकू मात्र हसल्या नाहीत. "तीस वर्षं म्हणतेय गं मी. पुढच्या वेळेपासून नुसती ऐकत बसेन."

पाणी प्यायला आलेली कौमुदी थबकली. सहावं आवर्तन तिने कान देऊन ऐकलं. आई दाराशी बसून सुरुवात करायची. दाराकडच्या सहाजणी लगेच तिच्यासोबत. झोपाळ्याकडच्या सहाजणींत मात्र पाच गाड्या पुढेमागे, एकट्या काकूंचीच नव्हे.

"आई, आता तू झोपाळ्यापाशी बसून सुरुवात कर ना."

"चालो, हेही करून बघू!"

सातवं सुरू झालं. काकूंसकट झोपाळ्याकडच्या सगळ्या एका सुरात, आणि दाराकडच्या पांगल्या. बायका त्याच, स्तोत्र तेच!

कौमुदी आत पळाली. कड्यांच्या आकड्यांना तिने हातही लावला नाही. फक्त सुरुवातीचा धक्का दुसऱ्या टोकाकडून दिला. पडद्यावर बेताल कड्या आल्या, पण भलतीकडेच. मघाच्या उनाड तीसजणी आता शहाण्यासारख्या कवायत करत होत्या. म्हणजे दोष कड्यांत नव्हताच. ताल आणि बेताल, दोन्ही एकाच घरात सुखाने नांदत होते.

तिने दोन्ही चित्रं सरांना पाठवली. चंद्रोदयाच्या जरा आधी उत्तर आलं : "मीच घाई केली. हेच लिही. कडी एकही काढू नकोस."

नैवेद्याचं ताट घेऊन निघालेल्या काकूंना तिने अडवलं. "काकू, तुमच्यासारख्या तीसजणी माझ्याकडेही आहेत. सर म्हणतात, एकीलाही काढायचं नाही. मग तुम्ही कशा गप्प बसणार?"

काकूंनी निरुपमाबाईंकडे पाहिलं.

"म्हणायचं हं, कुसुमावती," निरुपमाबाई हळूच म्हणाल्या. "माझंच चुकलं. पुढच्या वेळी माझ्याशेजारी बस."

"वा! आणि आम्ही?" दाराकडच्या सहाजणींतली स्नेहल ओरडली. "आता आमची गाडी विश्वामित्रीला का?"

या वेळी काकू सगळ्यांत आधी हसल्या.