यमुनेचं कडवं

वैशाखातला तप्त वारा अंगावरून गेला की मला अजून कांद्याचा आणि निळ्या शाईचा वास येतो. ऊन लागू नये म्हणून आमचे हे सदऱ्याच्या खिशात कांदा ठेवत आणि त्याच खिशाला गळकं पेन खोचत. दुपारी डोक्याचा दुपट्टा सोडत हे दारात टेकले, की मला कळे, आजही नवं लग्नघर मिळालेलं नाही.

मंगलाष्टकं रचून देणं हा ह्यांचा व्यवसाय. वधूवरांची, आजीआजोबांची, मामामावशांची नावं हे शार्दूलविक्रीडितात अशी अलगद बसवत, की ऐकणाऱ्या आईचे डोळे भरून येत. पण इतवारीतल्या छापखान्यांनी नावापुरती रिकामी जागा सोडलेल्या तयार पुस्तिका काढल्या आणि जुनी घरं एकेक करून तिकडे वळली. मग ह्यांनी नवा शिरस्ता पाडला. मांडवाचे बांबू दिसले की सायकल थांबवायची, नावं विचारायची आणि उंबऱ्याशी उभ्या उभ्या एक कडवं रचून म्हणून दाखवायचं, वानगी म्हणून. आवडलं तर पुढची सात. बहुतेक ठिकाणी पाणी मिळे आणि 'पाहू जी' एवढं उत्तर.

त्या वर्षी मी हट्टाला पेटले. मृगाआधी चार लग्नघरं मिळाली नाहीत तर नागपूर सोडायचं, नरखेडला थोरल्या दिरांच्या संत्र्याच्या बागेत राहायचं आणि हा लेखणीचा नाद कायमचा बंद, असं मी ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं. तीन मिळाली! बाई गं, काय चांदणं उतरलं होतं ह्यांच्या चेहऱ्यावर. चौथं काही मिळेना. मृगाला चार दिवस उरले, तेव्हा हे हातातला घास तसाच धरून, कुठे सनई वाजते का म्हणून रस्त्याकडे कान लावून बसत.

अशात महाल भागातल्या एका गल्लीत ह्यांना बांबू दिसले. घायकुतीला आलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार? तोरण नाही, बायकांची लगबग नाही, ह्यांनी काही पाहिलं नाही. थेट आत जाऊन हसतमुखाने विचारलं, "नवरीचं नाव काय हो?"

बसलेल्यांच्या माना खाली होत्या. तेरवीचा मांडव होता तो.

हे ओशाळून वळले, तोच कोपऱ्यातून गेलेल्या बाईच्या म्हाताऱ्या नवऱ्याने हाक मारली. "काहून जी, वापस चालले? नाव यमुना होतं तिचं. जलमभर तिच्या नावानं कोनी दोन शब्द नाही लिवले. लिवा न जी."

ह्यांना नाही म्हणवेना. लग्नाखेरीज दुसरी चाल येत नव्हती. त्याच चालीत रचलं, त्याच चालीत म्हटलं. म्हातारा हात जोडून ऐकत राहिला. घरी येऊन ह्यांनी ते मलाही ऐकवलं, आणि असं कडवं ह्यांच्या हातून पूर्वी कधी उतरलं नव्हतं, हे चिडलेली असूनही मला कबूल करावं लागलं.

पण गावभर बभ्रा झाला. तेरवीत मंगलाष्टक म्हणणाऱ्याचे शब्द बोहल्यावर कोण घेणार? ठरलेल्या तिन्ही घरांनी नकाराचे निरोप धाडले. माझी अट मी केव्हाच गिळली होती, "राहू द्या हो, पुढच्या वर्षी पाहू," मी म्हणाले. पण ह्यांनीच माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

नरखेडच्या बागेत ह्यांनी हातात कुंचला धरला तो संत्र्यांच्या पेट्यांवर व्यापाऱ्यांची नावं घालायला. पुढे आमच्या लेकीचं लग्न निघालं तेव्हा मी अक्षरशः पाया पडले, एकच कडवं करा म्हणून. तर हे बाजारातून छापील पुस्तिका घेऊन आले. "माझ्या शब्दांची सावली तिच्या संसारावर नको," हे म्हणाले. रिकाम्या जागेत तिचं नावसुद्धा भटजींकडून लिहून घेतलं.

आता हे नाहीत. वैशाख येतो, रसरसतो, निघून जातो. लेकीच्या नावाचं कडवं काळाच्या कुठल्याच कोपऱ्यात नाही, आणि मी मात्र तव्यावर भाकर टाकता टाकता, कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या यमुनेचं कडवं लग्नाच्या चालीत गुणगुणत असते.