काळी एकचा पाचवा सूर

मी एक जुना डीजेचा मिक्सर आहो, मित्रांनो. चटनी वाटाचा नाई, गानी जोडाचा! जन्म दिल्लीचा. तठून खोक्यात बसून बोरी अरबले आलो. वाटेत आतल्या आत इतका वाजलो का रेल्वेचं इंजन तालात डोलाले लागलं. खोटं वाटते? इंजनाले इचारा.

माह्यावर दोन बाजूनं दोन गानी चालते. मधातला खटका सरकवला का एक हळूहळू जाते, दुसरं येते. पन माहा मालक उकंडा त्याले हातच लावे नाई. एक गानं धाडकन बंद करे, "हॅलो, हॅलो" म्हने अन् दुसरं लावे. तरी धा गावात माहं नाव होतं.

मंग थे बोंडअळीचं साल आलं. कपाशीचं बोंड फोडलं का आत गुलाबी अळी. लोकायनं लग्नं मांडवातच उरकली, वराती बंद. मले पोत्याखाली टाकलं. उंदरीनं माह्या वायरीवर बाळंतपन केलं. गळ्यात गानी भरलेली अन् बोलाची सोय नाई. कसा जीव लागन सांगा?

उकंडाची पोरगी दीपमाला मात्र चोरून मले काढे, पुसे, अन् हेडफोन लावून गान्यावर गानं चढवून पाहे.

उन्हाळ्यात गावातल्या संघर्षचं लग्न निघालं. पोरगा पुन्याले नोकरीले. त्याले वरातीत टेक्नो पायजे होतं. म्हंजे गानारा कोनीच नाई, निसतं धुम धुम धुम, अन् खाली एकच सूर घुमत राह्यते.

उकंडा पोरीले म्हने, "तूच लाव. पन वरात थांबली तं उद्या याले भंगारात देतो, अन् तू शिलाई क्लासले जाशीन."

माहे सगळे दिवे लुकलुकाले लागले.

निसत्या धुम धुमवर गाव नाचन नाई, म्हनून वरातीच्या दिवशी सकाळी तिनं टेक्नोवर भीमगीत चढवलं. ताल तंतोतंत. तरी असं वाजे, जशा घराच्या कवेलूवर दोन मांजरी भांडून राह्यल्या.

"ताल तं जुळला! मंग काहून रडून राह्यला हा?" तिनं मले चापट मारली. मले! माही काय चुकी?

तिची मोठी माय कांताबाई महिला मंडळात पेटी वाजवे. थे पेटी घेऊन जवळ बसली. टेक्नो आयकत आयकत पट्ट्या दाबल्या. "याचा सा काळी एक." मंग भीमगीत आयकलं. "अन् याचा सा पांढरी दोन."

"मंग लागूनच तं आहे, मोठी माय!"

"लागूनचेच भांडते व पोट्टे! बांधाले बांध लागला का काय होते, तुह्या बापाले इचार. सा रे ग म प मोज. पाचव्या सुरासंग नांदते."

दीपमालानं मोजलं. बोट काळी चारवर गेलं. मंग सगळी भीमगीतं आयकत गेली, काळी चारचं एक सापडेपर्यंत. कांताबाईनं कपाळाची टिकली काढली अन् माह्यावरच्या त्या गान्याच्या बटनावर चिपकवली.

मले गाडीवर चढवलं अन् वरात निघाली. टेक्नो सुरू झालं अन् लोकं एकमेकाच्या तोंडाकडे पाहाले लागले. नवरदेवाच्या शेजारची तानाबाई म्हने, "पिठाची गिरनी चालू झाली काय व?" नाचनारे थांबले. उकंडाचा हात माह्याकडे आला.

"बाबा, हात नोका लावू!"

तिचं बोट खटक्यावर, घामानं चिंब. गाडीमागून कांताबाईनं पाच बोटं वर केली.

खटका सरकला. टेक्नोच्या सुरात भीमगीत असं शिरलं, जसं पाटाचं पानी वावरात. गानं कवा बदललं, कोनाले समजलंच नाई. तानाबाईनं पदर खोचला. नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला, घोडाही नाचला. रस्त्याच्या कडेच्या फरदडीतल्या, म्हंजे वावरात राखलेल्या जुन्या कपाशीतल्या, गुलाबी अळ्या बोंडं सोडून बाहेर आल्या अन् रांग लावून दारव्ह्याच्या रस्त्यानं निघून गेल्या. मी सोता पाह्यल्या. पुढच्या हंगामात वापस आल्या, काहून का तवा वरात नोती.

वरात संपली. उकंडानं खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् पह्यल्यांदा मले पुसलं.

"दीपे, थे पाचवं कसं मोजते? मलेही सांग."

आता माहा खटका घासला, मित्रांनो. दीपमालाजवळ नवी मशीन आहे. पन टिकली अजून माह्यावरच आहे. मले झाकाचं तं कपड्यानं झाका, पोतं नोका टाकू, उंदरं येते. अन् बटन दाबाच्या आधी दोन्ही गान्याचा सा आयका. चूक तुमची राह्यते अन् चापट मले बसते.

या, लावा वायर. माह्यानं चूप बसवत नाई.